परळचे रुग्णालय आणि मूळपेशींची चार दशके

वाशीम म्हटले की इतिहासाच्या वाचकाला वाकाटकांचे वत्सगुल्म आठवते. हा थ्रेड मात्र वाशीमच्या अगदी अलीकडच्या एका वाटेचा आहे. अकोल्याला येऊन मुंबईची गाडी धरायची आणि परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, ही ती वाट. रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेली वऱ्हाडातली कुटुंबे ती तुडवत आली आहेत.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्याच कर्करोगाने वारल्या. टाटांच्या संपत्तीलाही विकत घेता येईल असा उपचार तेव्हा जगात कोठेच नव्हता. पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालय उघडले.

आपली सार्वजनिक आठवण बहुधा या दानाच्या कथेपाशीच थांबते. माझ्या मते खरी कलाटणी १९५७ ची. त्या वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालय आपल्याकडे घेतले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. (जोडी विचित्र वाटेल, पण कर्करोगावरील किरणोपचारांचे महत्त्व होमी भाभांनी ओळखले होते.) १९६६ मध्ये कर्करोग संशोधन संस्था आणि रुग्णालय एकत्र आले. रुग्णाची खाट आणि प्रयोगशाळा एकाच संस्थेत, आणि दोहोंमागे सरकारी तिजोरी.

याचे फळ १९८३ मध्ये दिसले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवर वावरणारे डॉ. सुरेश अडवाणी सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्या केंद्रात अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकून आले होते. टाटा रुग्णालयात त्यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. थॉमस यांना या उपचारपद्धतीसाठी नोबेल मिळाले ते त्यानंतर सात वर्षांनी.

प्रत्यारोपण म्हटले तरी येथे अवयव शिवायचा नसतो. आधी तीव्र औषधांनी रुग्णाची बिघडलेली मज्जा नष्ट करतात. मग दात्याच्या मूळपेशी, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो, रक्त चढवावे तशा शिरेतून सोडतात. त्या आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत पोहोचतात आणि तेथे नवे रक्त घडवू लागतात. मधले काही आठवडे शरीराला प्रतिकारशक्तीच नसते. साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणून एका कुशल डॉक्टरवर हे भागत नाही. निर्जंतुक खोल्या, रक्तपेढी, प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षे टिकणारे प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. पहिल्या वर्षी नफा दाखवावा लागणाऱ्या संस्थेने हा पसारा मांडला असता, असे मला वाटत नाही.

४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार झाला, तो याच संस्थेच्या खारघर केंद्रातील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात. यात वापरतात त्या मूळपेशी नव्हेत. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत देतात. पेशी आयआयटी मुंबईत विकसित झाल्या होत्या आणि चाचण्यांसाठी १९.१५ कोटी रुपये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने व त्याच्या बायरॅक या संस्थेने मंजूर केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत अशा उपचारासाठी तीन कोटी रुपयांहून अधिक लागतात. येथे किंमत चाळीस लाखांच्या घरात आली.

चाळीस लाख ही रक्कम सोयाबीन-तुरीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाने उभी कशी करावी? संशोधन जनतेच्या पैशातून झाले असेल, तर किंमत ठरवताना जनतेचा शब्द कोठे असावा, हा वाद अजून मिटलेला नाही. १९५७ मध्ये सरकारने रुग्णालय हाती घेतले. उपचाराची किंमत हाती घेणे तितके सरळ नाही.

तोवर गाड्या येतच आहेत. परळला आलेल्या अनेक कुटुंबांचा मुक्काम दादरच्या धर्मशाळेत पडतो. तिला नाव आहे वऱ्हाडातल्याच गाडगे महाराजांचे.