जुनी बॅट, नवखं गिऱ्हाईक

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात, सतराव्या कलमाखाली, एक घोडा आहे. घोडा सदोष आहे हे मालकाला पक्कं ठाऊक आहे. तो घोडा लिलावात उभा करतो, दोषाबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि घोडा विकला जातो. कायदा म्हणतो, नुसतं गप्प राहणं ही लबाडी नव्हे. लगेच पुढचं उदाहरण येतं. घोडा तोच, मालकही तोच. घेणारी मात्र त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता दोष सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं.

आज घोड्यांचे लिलाव फारसे कुणी पाहत नाही. पण जाणता विकणारा आणि नवखं गिऱ्हाईक ही जोडी मोबाइलवर रोज भेटते. जुनी क्रिकेटची बॅट हे तिचं नेहमीचं ठिकाण. मुलाला नुकतंच कोचिंगला घातलेला बाप नव्या इंग्लिश विलोच्या बॅटीची किंमत पाहून दचकतो आणि 'एकच सीझन वापरलेली, कंडिशन उत्तम' अशा जाहिरातीपाशी थांबतो. बॅटीतलं त्याला काही कळत नाही. विकणाऱ्याला सगळं कळतं.

आणि बॅटीचे दोष झाकायला फार सोपे असतात. जमिनीला टेकणारा टो ओल शोषून फुगतो, मग फाटतो. हँडलची पाचर पात्यात जिथे बसते, तिथला सांधा सैल झाला की बॅटीचा आवाज बद्द होतो आणि फटक्याची झिणझिणी हातात येते. कडेची चीर डिंकाने भरता येते, पातं घासून पांढरं करता येतं, वर पारदर्शक पट्टी, नवे स्टिकर आणि नवी ग्रिप चढवली की फोटोत बॅट कोरी दिसते. काश्मीर विलोवर इंग्लिश विलोचं स्टिकरही चिकटतं, आणि या दोन लाकडांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. दुरुस्ती करण्यात गैर काहीच नाही. नीट बांधलेली, वेळेवर जवसाचं तेल पाजलेली जुनी बॅट पुढेही चांगली चालते. गैर आहे ती न सांगितलेली दुरुस्ती.

जुन्या बॅटीचा व्यवहार काही मोबाइलने आणलेला नाही. चांगली बॅट इथे कायमच महाग होती. फाळणीपूर्वी खेळाच्या सामानाचं मोठं केंद्र होतं सियालकोट. १९४७ नंतर तिथले अनेक कारागीर आणि व्यापारी जालंधर आणि मेरठला आले आणि तिथे हा धंदा पुन्हा उभा राहिला. इंग्लिश विलोचं लाकूड मात्र इंग्लंडहूनच येत राहिलं. त्यामुळे शिवाजी पार्क असो की आझाद मैदान, सीनिअरची बॅट ज्युनिअरकडे जाणं हा क्लब क्रिकेटचा रिवाजच होता. घेणारा बॅट उचलून तोलायचा, पात्यावर चेंडू टपटपवून आवाज ऐकायचा आणि पैसे मोजण्याआधी कुणा जाणत्याच्या हातात द्यायचा. विकणारा दुसऱ्या दिवशी त्याच नेटमध्ये भेटणार असायचा. फसवलं तर तोंड दाखवणं कठीण, हा त्या व्यवहारातला न लिहिलेला करार होता.

असं पारखून घेण्याचा रिवाज फार जुना आहे. वस्तू आधी स्वतः पारखावी आणि इतरांनाही दाखवावी, असं बृहस्पतिस्मृती सांगते. नारदस्मृतीने पारखण्याच्या मुदतीच घालून दिल्या आहेत: दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, मोती-हिऱ्यांना सात. वापरलेल्या मालाचाही तिथे वेगळा विचार आहे. अंगावर वागवलेलं, मळलेलं वस्त्र घेतलं तर ते सदोष निघालं तरी परत करता येत नाही. जुनं घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. पण हीच स्मृती विकणाऱ्यालाही मोकळं सोडत नाही. चांगला माल दाखवून सदोष माल हवाली केला तर किमतीच्या दुप्पट रक्कम गिऱ्हाइकाला आणि शिवाय तेवढाच दंड, अशी तिची शिक्षा आहे. फोटो एका बॅटीचा आणि कुरिअरमधून आलेली बॅट दुसरीच, या आजच्या तक्रारीला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो.

कौटिल्य आणखी कडक. त्याच्या अर्थशास्त्रात बाजारावर देखरेख करणारा संस्थाध्यक्ष आहे आणि जुन्या मालाची विक्री त्याच्या नजरेखाली होते. माल आपलाच आहे हे विकणाऱ्याने आधी सिद्ध करायचं. लाकूड, लोखंड, दोरी, चामडं यांची हलक्या प्रतीची वस्तू अस्सल म्हणून खपवली तर दंड किमतीच्या आठपट. काश्मीर विलोवर इंग्लिश विलोचं स्टिकर लावणाऱ्याला हा आकडा ऐकवायला हवा.

इंग्रजांनी आणलेल्या कायद्याचा कल वेगळा होता. 'घेणाऱ्याने सांभाळून घ्यावं' हे त्याचं मूळ सूत्र. १ जुलै १९३० पासून लागू झालेल्या माल विक्री कायद्याचं सोळावं कलम त्याच सूत्रावर उभं आहे: मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही, काही अपवाद सोडून. पंधराव्या कलमाचा आधार तेवढा आहे. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, म्हणजे इंग्लिश विलो म्हटलं तर इंग्लिश विलोच हवा. पण चिरेबद्दल मौन पाळणारा या कलमातून सहज निसटू शकतो. 'सांभाळून घ्या' या सूत्रामागे एक गृहीत होतं: माल समोर आहे, हात लावता येतो, चार माणसांना विचारता येतं.

ते गृहीत इंटरनेटने मोडलं. सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी अमेरिकेत लिलावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेच पुढचं ईबे. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. तो मोडका आहे हे कळलंय ना, अशी ओमिद्यार यांनी घेणाऱ्याकडे खात्री करून घेतली. आपण मोडके पॉइंटरच जमवतो, असं उत्तर आलं, ही हकिगत ईबेच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. म्हणजे ऑनलाइन बाजाराची सुरुवात दोष सांगून झालेल्या विक्रीने झाली. १९९६ मध्ये ईबेने विकणाऱ्यांबद्दल अभिप्राय नोंदवण्याची सोय केली. नेटमध्ये पुन्हा भेटण्याची जागा आता या अभिप्रायांनी घ्यायची होती. भारतात २००० साली बाझी डॉट कॉम आलं आणि २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं. मग जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची संकेतस्थळं फोफावली. तिथे घरातला पसारा आवरणारा माणूस एकदाच काहीतरी विकतो आणि निघून जातो. अभिप्रायाची त्याला कसली धास्ती?

याचा तोटा प्रामाणिक माणसालाही होतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे दाखवलं. २००१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. चांगला माल कोणता आणि खराब कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर ते सगळ्यालाच पडेल भाव देतं. त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि खराब तेवढा उरतो. निगुतीने वापरलेली बॅट विकणाऱ्या पोराला योग्य पैसे मिळत नाहीत, ते आधी कुणीतरी चीर लपवली म्हणून.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांवर बरीच बंधनं घातली. पण धंदा म्हणून नव्हे, तर खासगी पातळीवर विकणारा माणूस या नियमांच्या बाहेर ठेवला आहे. आपली जुनी बॅट विकणारा नेमका तोच. त्यामुळे त्याच्यापुरता प्रश्न पुन्हा १८७२ च्या घोड्यापाशी येतो.

तिथे आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो.' मालक गप्प राहतो. इथे मात्र ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. नवख्या गिऱ्हाइकाने व्यवहाराआधी असा एक मेसेज जरूर पाठवावा. पण काय विचारायचं हेच ज्याला माहीत नाही, तो नवखा. म्हणून ओझं विकणाऱ्यावरच येतं. समोरचा अनोळखी बाप घोडा घेणाऱ्या त्या मुलीइतकाच आपल्या शब्दावर विसंबून आहे, असं धरून त्याने बोललं पाहिजे.

बोलायचं म्हणजे फार नाही. लाकूड कोणतं, बॅट सीझन बॉलवर किती खेळली, चीर कुठे, बांधली कधी. टोचा आणि कडांचा जवळून काढलेला फोटो. जाहिराती छापणाऱ्या संकेतस्थळांनी हे रकाने सक्तीचे केले तर निम्मं काम होईल. बॅटीसारखंच जुनं हेल्मेटही विकायला निघतं, पण त्याला हा हिशेब लावता येत नाही. बॅट मोडली तर पैसे जातात, हेल्मेटने दगा दिला तर डोक्यावर बेततं. सायकलच्या हेल्मेटमधला फोम एका जोरदार आघातात चेपतो, पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि बाहेरचं कवच तरीही धडधाकट दिसू शकतं. क्रिकेटचं हेल्मेटही जोराचा मार बसल्यावर बदलावंच लागतं. अशा हेल्मेटचा दोष सांगून, भाव उतरवून विकणंही बरोबर नाही. त्याच्या जाहिरातीत एकच सक्तीचा प्रश्न हवा, मार बसला आहे का. आणि उत्तर 'हो' आलं, तर ती जाहिरात छापलीच जाऊ नये.