फैजपूरच्या इतिहासात आत्या कुठे आहे?

फैजपूर म्हटलं की पुस्तकं एकच गोष्ट सांगतात. २७ आणि २८ डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, टिळकनगर, नंदलाल बोस यांची सजावट. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापलं आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, हे मात्र त्या गोष्टीला जोडून कुणी सांगत नाही. प्रस्थापितांच्या इतिहासाबद्दलची ही तक्रार आपण नेहमी करतो आणि ती खरी आहे. पण आज आम्हाला प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. आपण जो इतिहास सांगतो, त्यात आपली आत्या, आपली फुई, आपली मावशी कुठे आहे?

प्रश्न हलका वाटत असेल तर बाबासाहेबांच्याच घरात जाऊ.

१८९६ मध्ये भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाच वर्षांचा होता. साताऱ्याच्या त्या घरात लेकरांना पोटाशी धरलं ते रामजी सुभेदारांच्या बहिणीनं, मीराबाई आत्यानं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत तिच्याबद्दल लिहिलंय. ती ठेंगणी होती, पाय अधू होते, आधाराशिवाय तिला हालचाल करता येत नसे, पुष्कळदा उचलून न्यावं लागे. स्वयंपाक तिला झेपत नसे. मग शाळेत जाणारी चार पोरंच चूल पेटवत. भाकरी जमत नसे म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून खात. ज्या बाईचा घरकामाला ‘उपयोग’ नव्हता, तिला बाबासाहेब आपल्या माहितीतली सर्वांत मायाळू व्यक्ती म्हणतात. बाईचं मोल तिच्या राबण्यावर ठरवणाऱ्या मनुवादी समाजाला याहून वेगळं उत्तर कोणतं हवं?

१९०१ साली पोरं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर जे घडलं ते आपल्याला पाठ आहे. त्याच आठवणींतला आपल्या चाळीसगावचा १९२९ चा टांग्याचा अपघातही खानदेशातला प्रत्येक कार्यकर्ता सांगतो. पण मसूरला निघताना मागे शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवलेली आत्या आपल्या भाषणात किती वेळा येते?

दुसरी आठवण तिच्या बटव्याची. साताऱ्याची पोरं मुंबईच्या गिरणीत कामाला लागतात, हे ऐकून भीमरावानंही पळून जायचं ठरवलं. वडिलांवर अवलंबून राहायचं नव्हतं. भाड्याला पैसे हवेत, म्हणून आत्याच्या कमरेला खोचलेला बटवा चोरायचा बेत केला. तिच्याच कुशीत झोपून तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री बटवा हाती आला. आत निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नव्हती. त्या रात्रींच्या शरमेतून त्यानं ठरवलं, आता अभ्यास करायचा आणि आपल्या पायावर उभं राहायचं.

ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगतो ती भीमरावाच्या निश्चयाची म्हणून. आम्ही ती आत्याच्या बाजूनंही वाचतो. भावाचं घर सांभाळणाऱ्या बाईच्या बटव्यात अर्धा आणा होता. हक्काचं म्हणावं असं तिच्याजवळ दुसरं काय होतं? पुढे याच भीमरावानं हिंदू कोड बिलात मुलीचा वारसाहक्क मांडला आणि ते बिल अडवलं गेलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. बटव्यातून बिल जन्मलं असा दावा आम्ही करत नाही. पण आत्याच्या कुशीत वाढलेल्या माणसाला बाईच्या रिकाम्या हाताचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता, एवढं नक्की.

मीराबाईंनंतरच्या पिढीतल्या आत्या गप्प बसल्या नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. हजारो बाया जमल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करायला कायद्यानं बंदी हवी, असे ठराव त्यांनी केले. तेव्हा हिंदू विवाह कायदा यायला तेरा वर्षं बाकी होती! चळवळीतल्या अशा बायांच्या मुलाखती गावोगाव फिरून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घेतल्या, तेव्हा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली उभं राहिलं. त्या फिरल्या नसत्या तर?

म्हणून मित्रांनो, आपल्या घरातल्या फटकळ, कुणाचं न ऐकणाऱ्या, ‘हिच्या तोंडी लागू नका’ म्हणून बाजूला बसवलेल्या फुईजवळ बसा. फैजपूर, सावदा, यावल, रावेर, जिथे असाल तिथे. तिनं कोणत्या सभा पाहिल्या, कुणाशी भांडली, एकटी का राहिली, हे तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. आणि एक गोष्ट तपासा. घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का? की चोळीबांगडी देऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला? २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा कायद्यानं आहे. सभेत हिंदू कोड बिलाचा गौरव करायचा आणि घरी आत्याची सही घ्यायची, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

आत्याच्या फोटोला हार नंतर घालू. आधी तिचं नाव वहीत आणि उताऱ्यावर येऊ द्या.

जय भीम!