न ऐकू येणाऱ्या आवाजाचा माग

जोयडा तालुक्याच्या उत्तर टोकाला कॅसलरॉक आहे. त्याच्याही उत्तरेला, खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात, तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा लागते. या गुहेतील मोठ्या कानांच्या पाकोळीला ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली वनाधिकारी रॉटन यांच्या नावावरून शास्त्रीय नाव दिले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत साऱ्या जगात तिचा एवढा एकच पत्ता ज्ञात होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ती आढळली.

प्राणी खरोखरच एका गुहेपुरता उरला आहे, की आपण दुसरीकडे पाहिलेच नाही? प्रत्येक गुहेत दिवे घेऊन शिरावे, तर त्या उपद्रवानेच पाकोळ्या आसरा सोडतात.

वाट आवाजातून निघाली, पण फार उशिरा. अंध केलेली पाकोळीही अचूक उडते, हे इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७९३ साली दाखवले. जिनिव्हाच्या ज्युरीन यांनी पाकोळ्यांचे कान बंद केले, तेव्हा त्या आदळू लागल्या. कुव्हिए यांनी मात्र सारे श्रेय स्पर्शाला दिले आणि प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट मोठ्या नावापुढे शतकाहून अधिक काळ अडगळीत पडली. विद्वत्तेच्या इतिहासात असे अनेकदा घडते! अखेर १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन पाकोळ्या घेऊन भौतिकशास्त्रज्ञ पिअर्स यांच्या श्राव्यातीत ध्वनी टिपणाऱ्या यंत्रासमोर गेला आणि मुकी वाटणारी पाखरे गर्जत असल्याचे उघड झाले.

आजची हातात मावणारी यंत्रे त्याच कुळातली. पाकोळीची हाक ४५ किलोहर्ट्झची असेल, तर यंत्र तिच्यात ४३ चा स्वर मिसळते. फरकाचे २ किलोहर्ट्झ आपल्याला ऐकू येतात. दुसऱ्या पद्धतीत ध्वनिमुद्रण दहापट मंद करतात. बारापेडेच्या पाकोळीची हाक तर २० किलोहर्ट्झच्या खालची, म्हणजे चांगल्या कानाला यंत्राविना ऐकू येणारी. भारतातील अशा पाकोळ्यांना हाकेवरून ओळखण्याविषयी कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला.

अर्थात हाक म्हणजे अंगठ्याचा ठसा नव्हे. मोकळ्या आकाशात आणि दाट झाडीत एकच पाकोळी वेगळी हाक देते. शिवाय शंभर हाका म्हणजे शंभर पाकोळ्या असेही नाही. खात्रीने ओळखलेल्या प्राण्यांच्या हाकांचा संग्रह हाताशी नसेल, तर यंत्र नुसते टिकटिकत राहते.

काळी खोऱ्यातील कवळ्याच्या गुहेत शिवलिंगाच्या दर्शनासाठी भाविक जातात. अशा ठिकाणी आत कोणी राहते का, हे पाहायला आत जावे लागत नाही. तिन्हीसांजेला तोंडाशी, थोडे दूर, यंत्र ठेवून बसले की पुरते.