वाढदिवसाचा केक आणि शेवटचं स्टेशन

आजचा भाग एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच.

मागच्या वर्षी वाढदिवसाला आम्ही पाच मित्र एका संस्थेत गेलो होतो. केक, बिस्किटांचे पुडे, चार डझन केळी. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही फोटो काढले, रात्री स्टेटस टाकलं. आईनं ते बघितलं आणि एवढंच म्हणाली, "त्या पोराला विचारलं होतंस का रे, फोटो टाकू का म्हणून?" नव्हतं विचारलं. स्टेटस लगेच काढलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपण दान करतो म्हणजे नक्की काय करतो? मग जरा मागे जाऊन वाचायला घेतलं.

मी मानखुर्दचा. 1992 पर्यंत हार्बर लाइन इथेच संपायची, वाशीला जाणारी गाडी त्यानंतरची. शहराला जे नजरेसमोर नको असतं, ते अशा शेवटच्या स्टेशनाकडे सरकत जातं. 1924 मध्ये मुंबईत मुलांसाठीचा कायदा आला, 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि 1941 मध्ये याच सोसायटीनं मानखुर्दला एक वेगळं बालगृह काढलं. त्या काळच्या भाषेत 'मतिमंद' मुलांसाठी. आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. देशातल्या अशा सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक. 'जय वकील' ही मुंबईतली प्रसिद्ध शाळासुद्धा त्यानंतरची, 1944 ची.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडे सगळ्यांना एकाच शब्दात 'वेडे' म्हणून टाकतात. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. ती बहुतेकदा जन्मापासून असते. मानसिक आजार मात्र कोणालाही, कधीही होऊ शकतो, आणि उपचारांनी माणूस सावरतो.

त्या आजारासाठीचं आपल्या जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल. सुरू झालं 1901 मध्ये, नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून. कितीतरी वर्षं ते त्यांच्याच नावानं ओळखलं जायचं. तेव्हा ठाणं मुंबईबाहेर होतं. म्हणजे पुन्हा तेच, गावाबाहेर जागा आणि भोवती भिंत.

त्या देणगीला मी नावं ठेवत नाहीये. छप्पर, खाट, दोन वेळचं जेवण, हे सगळं कोणीतरी पैसे दिले म्हणूनच उभं राहिलं. पण त्या काळचा विचार 'ठेवायचं कुठे' इथपर्यंतच होता. 1912 च्या कायद्याचं नावच 'इंडियन लूनसी ॲक्ट' होतं. तो गेला आणि 1987 चा कायदा आला, मग 2017 चा. या नव्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आईचा प्रश्न आठवला ना? दोन, घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही.

कागदावर छान आहे. पण बरं झालेल्या माणसानं जायचं कुठे? 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं, की बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं थांबवा. म्हणजे भिंत ओलांडली, तर पुढे दुसरी भिंत.

याच्या उलट दिशेनं चाललेलं काम बघायचं असेल तर कर्जतला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 मध्ये हे काम सुरू केलं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे, त्यांच्या बोलण्यातून गाव शोधायचं आणि घरी नेऊन पोचवायचं. 2018 मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे देणगीचा पैसा औषधात जातो, तसा रेल्वेच्या तिकिटातही जातो. मला वाटतं, 1901 पासून आजपर्यंत दानात झालेला खरा बदल हाच आहे. आधी आत ठेवण्यासाठी द्यायचे, आता परत पोचवण्यासाठी.

मग आपण काय करायचं? जाण्याआधी फोन करून तिथल्या समाजसेवकांना विचारा, काय हवंय. केक नको असेल, चपला हव्या असतील. फोटो नको. आणि एकदाच जाऊन मोकळे होऊ नका, वार ठरवा.

आम्ही पाचातले दोघंच उरलो. दर दुसऱ्या शनिवारी जातो, कॅरम खेळतो. तिथला एक मुलगा मला हरवतोच. मध्ये एकदा ऑफिसचं काम निघालं, मी गेलो नाही, कळवलंही नाही. पुढच्या वेळी तिथल्या मावशी म्हणाल्या, "बोर्ड मांडून बसला होता हो, संध्याकाळपर्यंत."

ती माझी दुसरी चूक. आता जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.