मोटारगाडीचे मूळ रूप आणि हमीचा तंटा : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

मालकाने आपल्या मोटारगाडीत काही फेरफार करावा, पुढे गाडी बिघडावी, आणि विक्रेत्याने त्या फेरफाराकडे बोट दाखवून हमी नाकारावी, असे तंटे जिल्हा ग्राहक आयोगांच्या नित्य परिचयाचे झाले आहेत. वरवर पाहता हा प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक ऐतिहासिक प्रश्न आहे. गाडीचे मूळ रूप कोणते, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा अधिकार गेल्या पाऊणशे वर्षांत मालकाकडून व गावच्या कारागिराकडून निर्मात्याकडे कसा गेला, आणि त्या स्थित्यंतरात दोन निरनिराळ्या कसोट्या एकमेकींत कशा मिसळल्या, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे. या विचारासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) विशेष सोयीचा आहे. कारण या इतिहासाचे अनेक टप्पे येथे एकत्र दिसतात.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या काळच्या ताफ्यात शेव्हरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा अनेक परदेशी बनावटींच्या गाड्या होत्या. परंतु कारखान्यातून येई ती बहुधा केवळ चासी. तिच्यावर लाकडी सांगाडा चढविणे, बाके बसविणे, टप उभारणे ही कामे येथले सुतार, लोहार व मिस्त्री करीत. मालट्रकांच्या बाबतीत ही पद्धती पुढेही दीर्घकाळ टिकली. अशा गाडीविषयी ‘मूळ रूप’ हा शब्दच अर्थहीन होता, कारण निर्मात्याने गाडी अपुरी विकलेली असे आणि तिला पूर्णत्व देणे हा मालकाचा धर्मच मानला जाई. फेरफार हा अपवाद नव्हता. तो गाडीच्या जन्माचाच एक भाग होता.

कायद्याची तत्कालीन दृष्टीही याला अनुरूप होती. १९३० च्या मालविक्री अधिनियमाने शर्त आणि हमी यांत भेद केला. शर्तीचा भंग झाल्यास ग्राहकाला माल नाकारता येतो; हमी ही मूळ कराराला जोडून असलेली गोष्ट असल्याने तिच्या भंगाबद्दल केवळ नुकसानभरपाई मागता येते. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार, लेखी हमी दिली एवढ्याने कायद्याने गृहीत धरलेली हमी वा शर्त नाहीशी होत नाही. दोहोंत विसंगती असेल तरच ती बाजूला सरते. हे तत्त्व महत्त्वाचे खरे, परंतु ते वापरण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयातून जात असे. तो खर्च व तो विलंब सामान्य मोटारमालकास परवडणारा नव्हता.

पुढचा टप्पा पूर्ण बांधून येणाऱ्या वाहनांचा होय. अहमदनगरला कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ साली बाजारात आली. तिच्या मागच्या बाजूस कॅरिअर व आकडे जोडून दुधाच्या किटल्या वाहण्याची रीत ग्रामीण भागात रूढ झाली. वाहन पूर्ण स्वरूपात विकत घेतले, तरी ते आपल्या कामाजोगे करून घेण्याची जुनी वृत्ती कायम होती, असे यावरून दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि परिस्थिती पालटू लागली. आता गाडीबरोबर हमीचे पुस्तक आले, अधिकृत सेवा केंद्रे आली आणि ठराविक अंतराने गाडी तेथेच दाखविण्याची अट आली. गाडीच्या मूळ रूपाचा लेखी दाखला प्रथमच ग्राहकाच्या हाती पडला. मात्र तो लिहिणारा हात निर्मात्याचा होता.

याच सुमारास ग्राहकालाही एक साधन लाभले. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने ग्राहकाच्या हक्कांचा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आणला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने जिल्हावार मंचांची तरतूद केली. मात्र जुन्या अधिनियमाखाली तक्रार सामान्यतः प्रतिपक्षाच्या ठिकाणी, अथवा जेथे तंट्याचे कारण घडले तेथे करावी लागे. पारनेरच्या वा श्रीगोंद्याच्या माणसाने पुण्यात गाडी घेतली, तर त्याला बहुधा पुण्यासच खेटे घालणे भाग होते. २० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदारास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. या एका तरतुदीने जिल्ह्याचे महत्त्व पुष्कळच वाढले.

तथापि दुसऱ्या बाजूने मोटारवाहनविषयक कायदा मालकाचे स्वातंत्र्य आकुंचित करीत होता. १९८८ च्या अधिनियमातील कलम ५२ मूळ स्वरूपात बरेच सौम्य होते. नोंदणी अधिकाऱ्यास सूचना देऊन व त्याची संमती मिळवून फेरफार करता येई. इतकेच नव्हे, तर जोडसाहित्यामुळे गाडीच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडल्यास संमतीचीही गरज नसे. म्हणजे अधिकार शासनाकडे होता. २००० सालच्या दुरुस्तीने कसोटीच बदलली. निर्मात्याने मुळात दिलेल्या विनिर्देशांशी विसंगत असा फेरफार करता येणार नाही, असा नियम झाला. इंधनबदलासारखे अपवाद तेवढे ठेवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ दृढ केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली.

हे विनिर्देश केवळ निर्मात्याच्या शब्दावर मात्र उभे नसतात. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे गाडीचा आद्य नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या नियमात उल्लेखिलेल्या संस्थांत पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनबरोबरच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. फाळणीनंतर रावळपिंडीजवळील चकलाल्याहून आलेली ही संस्था अहमदनगरलाच आहे. सीएनजी किटसारखे साहित्यही अशाच संस्थांच्या मान्यतेनंतर बसविता येते. ज्या नगरात एके काळी मालक व मिस्त्री मिळून गाडीला रूप देत, त्याच नगरात आज गाडीच्या प्रमाणित रूपाची पारख होते. सदर स्थित्यंतराचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

येथवर एक कसोटी स्पष्ट झाली : फेरफार झाला आहे काय? रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु हमीच्या तंट्यात विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : प्रस्तुत बिघाड त्या फेरफारामुळे झाला आहे काय? बाहेरून मोठे दिवे बसवून घेतले आणि वायरिंग जळाले, तर दोहोंचा संबंध उघड संभवतो. त्याच गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला, तर दिव्यांचा त्याच्याशी काय संबंध, हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस अधिनियमाने विशिष्ट बनावटीचाच सुटा भाग विकत घ्यावा, अशी अट हमीला जोडण्यास सामान्यतः मनाई केली. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटारनिर्मात्यांवर सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना असाच विचार मांडला. बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्यावरून संपूर्ण हमी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असा त्या आदेशाचा आशय होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०१६ मध्ये अपीलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत उल्लंघनाचा निष्कर्ष कायम ठेवून दंड मात्र कमी केला. हा आदेश दुरुस्तीविषयी आहे, फेरफाराविषयी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्यातील कार्यकारणभावाचे तत्त्व दोन्हींस सारखेच लागू पडावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२०१९ च्या ग्राहक अधिनियमात या दोन्ही कसोट्या शेजारी शेजारी आढळतात. स्पष्ट हमीशी विसंगत उत्पादनामुळे हानी झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध न होताही निर्माता जबाबदार ठरतो. उलट, हानीच्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाची कारवाई चालत नाही. या दुसऱ्या तरतुदीचे क्षेत्र मर्यादित आहे. तेथे उत्पादन-दायित्वातील ‘हानी’ अभिप्रेत असून खुद्द वस्तूचे नुकसान तीत येत नाही. साध्या हमीच्या तंट्यात तिचा आधार घेणे म्हणजे दोन कसोट्यांची गल्लत करणे होय.

विक्रेता आणि निर्माता यांतील भेदही ग्राहकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. गोव्यातील एका ग्राहकास २०११ ची म्हणून २००९ ची वापरलेली गाडी विकली गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निर्मात्यास मोकळे केले. कारण दोघांतील व्यवहार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि विक्रेत्याच्या कृत्याची निर्मात्यास माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. यावरून असे अनुमान निघते की, शोरूममध्येच हॉर्न वा म्युझिक सिस्टिम बसवून देताना ‘वॉरंटीला काही होत नाही’ असे जे तोंडी आश्वासन मिळते, ते निर्मात्यावर बंधनकारक ठरेलच असे नाही. ते कागदावर घेणे यातच शहाणपण आहे.

शेवटी पुराव्याचा प्रश्न उरतो. दोष प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग वस्तू तपासणीस पाठवू शकतो. परंतु तपासणीचे शुल्क प्रथम तक्रारदाराने भरावयाचे असते. शिवाय हमीतील कलमच अन्याय्य आहे असे म्हणावयाचे असेल, तर अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. तात्पर्य, कार्यकारणभावाचे तत्त्व जरी मान्य झाले, तरी ते सिद्ध करण्याचा भार व्यवहारात ज्याच्याजवळ साधने कमी त्याच्यावरच पडतो. फेरफार झाल्याचे दाखविणे विक्रेत्यास सोपे आहे. बिघाड त्यामुळे झाला नाही हे दाखविणे मालकास कठीण आहे. म्हणून जो हमी नाकारतो त्यानेच दोहोंतील संबंध दाखवावा, असा दंडक आयोगांच्या निर्णयांतून दृढ होणे अगत्याचे आहे. गाडीचे मूळ रूप ठरविण्याचा अधिकार इतिहासाने निर्मात्याकडे सोपविला आहे. त्या अधिकाराबरोबर येणारे पुराव्याचे दायित्वही त्याच बाजूने उचलले पाहिजे.