शिवाजी पार्कच्या नावातलं १९२७

दादरच्या शिवाजी पार्कात तुम्ही क्रिकेट बघायला, नाहीतर नुसतेच कट्ट्यावर बसायला गेला असाल. समुद्र पश्चिमेला दोन पावलांवर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या. मैदान महापालिकेने १९२५ साली लोकांना खुलं केलं, तेव्हा नाव होतं 'माहीम पार्क'. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते बदललं.

त्याच वर्षी शिवजन्माची त्रिशताब्दी साजरी होत होती. आता वजाबाकी करा: १६२७! शाळेत तर आपण १६३० शिकलो. मी विज्ञानातून आलेली, मला आधी छपाईची चूकच वाटली. पण तेव्हा शके १५४९ चा वैशाख हीच जन्मतिथी रूढ होती. जुन्या कागदात असं 'चुकलेलं' साल दिसलं तर लगेच दुरुस्त करू नका. त्या काळी लोक काय मानत होते, ते त्यातच सापडतं.

गंमत म्हणजे १६३० सांगणारी जेधे शकावली टिळकांनी १९१६ मध्येच प्रसिद्ध केली होती. उत्सव तरीही जुन्याच हिशेबाने झाला. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारायला २००१ उजाडलं.