तबकडीवरचा हात



गेल्या वर्षी बँडपथकात क्लॅरिनेट वाजविणारे एक वयस्क गृहस्थ संघटनेच्या कचेरीत आमच्याकडे आले. त्यांची तक्रार साधी होती. पूर्वी वरातीला बावीस माणसांना काम मिळे. आता एक टेम्पो, भिंतीएवढे कर्णे आणि एक पोरगा, एवढ्यात भागते. "साहेब, त्या डीजेला येतं काय? बटण तर दाबायचं!" आम्हांला उत्तर देता आले नाही. यंत्र आले की हाताचे काम जाते, हे आम्ही जन्मभर गिरणीच्या दारात सांगत आलो. पण यंत्रामागे उभा असलेला तो पोरगाही मजूरच की! म्हणून आम्ही ह्या विद्येचा इतिहास वाचावयास घेतला. आमचे शिक्षण रात्रीच्या शाळेपुरते. चूकभूल पदरात घ्यावी.

हा प्रश्न आमच्या बँडवाल्याने प्रथम विचारलेला नाही. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या पुढारीपणाखाली, ध्वनिमुद्रणाचा संप पुकारला. सभागृहात वाजवू, रेडिओवर वाजवू, पण तबकडीसाठी वाजविणार नाही. एकदा वाजविलेले गाणे हजार हॉटेलांत फुकट वाजते आणि हजार वादक घरी बसतात, हे त्यांचे गाऱ्हाणे. युद्ध चालू असता संप केला म्हणून त्यांना शिव्याशाप मिळाले. डेक्का कंपनी १९४३ च्या सप्टेंबरात नमली. व्हिक्टर आणि कोलंबिया ह्या बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून होत्या. अखेर विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे काही रक्कम वादकांच्या निधीत जमा होऊ लागली. तबकडी थांबली नाही. मात्र तिच्या कमाईत वादकाचा वाटा आहे, हे कागदावर आले. आम्हांला हा विजय लहान वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्या काळची तबकडी लाखेची असे आणि ती लाख मुख्यतः आपल्या देशातून, छोटा नागपूरच्या रानांतून जाई. युद्धात लाखेचा तुटवडा पडला, आणि युद्धानंतर व्हायनिल ह्या कृत्रिम द्रव्याने तिची जागा घेतली. १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटास सव्वातेहतीसच्या जवळपास फेरे घेणारी लांब तबकडी काढली. लाख गोळा करणाऱ्या आदिवासींसाठी कोणता निधी उभा राहिला, हे मात्र कोठे वाचावयास मिळाले नाही.

आता मूळ विषयाकडे येऊ. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग १९७० नंतर फार हलाखीत होता. घरे जळत होती, कारखाने निघून जात होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील सेजविक मार्गावरील एका चाळवजा इमारतीत सिंडी कॅम्पबेल ह्या मुलीने शाळेच्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून नाचाचा जलसा ठेवला. तबकड्या वाजविल्या तिचा भाऊ क्लाइव्ह याने. जमैकातून आलेला हा मुलगा पुढे कूल हर्क नावाने गाजला. लोक नाचतात ते गाण्यातल्या नुसत्या तालवाद्यांच्या तुकड्यावर, हे त्याने हेरले. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा तो लांबवू लागला.

पण त्याची सुई अंदाजाने पडे आणि ताल तुटे. हा दोष ध्यानात घेतला जोसेफ सॅडलर याने, म्हणजेच ग्रँडमास्टर फ्लॅशने. तो सॅम्युएल गॉम्पर्स ह्या कामगारपुढाऱ्याचे नाव असलेल्या तंत्रशाळेत विद्युत्‌शास्त्र शिकलेला. (हे वाचून आमची छाती थोडी फुगली, हे लपवीत नाही.) त्याने तबकडीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे किती फेरे मागे आणावयाचे ते डोळ्यांना दिसावे. फेल्टच्या कापडाला खळ देऊन, इस्त्री फिरवून त्याने ते तबकडीखाली घातले. त्यामुळे खालचे चाक फिरत राही आणि वरची तबकडी हाताने रोखता येई. पुढचे गाणे लोकांआधी आपल्या कानात ऐकण्यासाठी त्याने कळही स्वतःच जोडली. त्याचाच चेला थिओडोर, वय बारा-तेरा. आई दारातून ओरडली म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने धरली, मागेपुढे केली, आणि त्या खरखरीतून नवेच वाद्य निघाले.

यंत्रही पुढे ह्या पोरांच्या कामी आले. जपानी टेक्निक्सचे एसएल-१२०० हे यंत्र १९७२ चे. त्यात पट्टा नाही. मोटार थेट चाकाला जोडलेली, म्हणून हात सोडताच वेग पुन्हा बसतो. १९७९ च्या सुधारित यंत्रात वेग शेकडा आठपर्यंत कमीजास्त करणारी सरकती पट्टी आली. कंपनीने २०१० मध्ये उत्पादन थांबविले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केले.

त्या पट्टीवरच नवशिक्याची परीक्षा असते. एक गाणे मिनिटास १२० ठोक्यांचे, दुसरे १२४ चे. पहिल्याचा वेग शेकडा सव्वातीनच्या किंचित वर न्यावा लागतो. एका ठोक्याचा फरक राहिला तरी अर्ध्या मिनिटात एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांमध्ये पडतो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. हे आम्ही स्वतः करून पाहिले. एका सभासदाचा मुलगा रात्री टेम्पोवर संगणकाने वाजवितो, पण कान तयार व्हावा म्हणून त्याने घरी दोन जुनी यंत्रे आणली आहेत. रविवारची सारी दुपार आम्ही घालविली. डावी धावते की उजवी, हेच कळेना. मुलगा म्हणाला, "काका, मला चार महिने लागले."

पुढच्या रविवारी क्लॅरिनेटवाल्यांना मुद्दाम बरोबर नेले. ते तोंड फिरवूनच बसले होते. मुलाने दोन तबकड्या सुरू केल्या मात्र, म्हातारबुवांचा पाय हलू लागला. आठ मात्राही झाल्या नसतील, ते म्हणाले, "डावी पुढं पळतेय. मागं घे. हं, आता सोड." मुलगा बघतच राहिला.

मग चहा पिता पिता त्यांनी त्याला रात्रीची मजुरी विचारली. आकडा ऐकून ते काही वेळ बोलले नाहीत. टेम्पो कोणाचा, असे त्यांनी विचारले. मुलाने नाव सांगितले. ते त्यांच्याच बँडच्या मालकाचे होते.